विरहाची बदकं

कापड लोक डोळ्यांनी बघतात, बोटांनी चाचपतात आणि मग घेतात, असा विणणाऱ्यांचा एक जुना गैरसमज आहे. लोक कापड कानाने घेतात. हे आमच्या गल्लीत सगळ्यात आधी ज्यांना उमगलं त्यांना सगळे भाष्यकार म्हणत. तोंडावर म्हणत. त्यात टोमणा आहे हे त्यांना कळत होतं, पण टोमण्यातही पदवी असते, आणि दुसरी कुठली पदवी त्यांच्याजवळ नव्हती.

भाष्यकार विणकराच्या घरात जन्मले, मागाखाली रांगले आणि वयात आल्यावर मागावर बसवले गेले. तिथे त्यांचं काही जमलं नाही. विणताना आडवा दोरा गेला की फणी ओढून त्याला ठोका द्यावा लागतो. हा ठोका ज्याचा त्याचा असतो, जसं अक्षर ज्याचं त्याचं असतं. भाष्यकारांच्या ठोक्याला धरबंद नव्हता. मन लागलं की जोराचा, खिडकीतून कोणी गेलं की हलका. त्यांचं कापड कुठे पत्र्यासारखं घट्ट आणि कुठे गाळणीसारखं विरळ. वडील ते उजेडात धरून म्हणायचे, "इथे चहा प्यायलास. इथे कोणाशी तरी भांडलास. आणि इथे तर झोपलास."

लग्न झालं आणि त्यांची सुटका झाली. काकू दुसऱ्या विणकराच्या घरातून आल्या होत्या. सासऱ्यांनी त्यांना मागावर बसवलं आणि स्वतः शेजारच्या खोलीत जाऊन नुसता ठोका ऐकला. बाहेर येऊन मुलाला म्हणाले, "तू आता सूत आणत जा." तेव्हापासून काकू विणत. भाष्यकार सूत आणत, रंगवलेल्या लडी वाळत घालत, तयार कापड दुकानांना पोचवत आणि उरलेल्या वेळात दारातल्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला 'आमचं काम' समजावून सांगत. काकूंनी त्या 'आमचं'ला कधी हरकत घेतली नाही. आडवा दोरा नेणाऱ्या धोट्याच्या खटखटीत आपल्याला काही ऐकू येत नाही, असं त्या सांगत.

एक गोष्ट मात्र गल्लीत कोणी करत नसे. चालू कापडावर दुसरं माणूस बसवत नसत. ठोका बदलला की कापडात आडवा पट्टा पडतो. तो धुवून जात नाही, इस्त्रीने जात नाही. बाळंतपण आलं, ताप आला, तर माग झाकून ठेवत, पण जावेला बसवत नसत. आमच्या बायका एकमेकींची मुलं पाजतील, पण एकमेकींच्या मागावर बसणार नाहीत, असं म्हणत.

भाष्यकारांचा धंदा सुरू झाला तो एका पाहुणीमुळे. हातमाग बघायला म्हणून शहरातून माणसं यायला लागली होती. अशीच एक बाई काकूंच्या मागाशी वाकली आणि तिने विचारलं, "याचा अर्थ काय?"

काकूंनी मान वर न करता सांगितलं, "बदक आहे."

"हो, पण ते काय दर्शवतं?"

"बदक," काकू म्हणाल्या.

काहीतरी दर्शवलं जाईल या आशेने बाई थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. भाष्यकार बाकावरून हे बघत होते. पुढची पाहुणी आली तेव्हा ते उठून उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून वाक्य बाहेर पडलं, "बदक पाण्यात राहतं, पण भिजत नाही. संसारात कसं राहावं ते आमच्या पूर्वजांनी यात सांगून ठेवलंय." पाहुणीने डोळे मिटले. उघडले ते थेट पर्सकडे बघत. एक चादर स्वतःला घेतली आणि एक नणंदेला. नणंद संसारात फार भिजते, असं ती जाताना म्हणाली.

त्यानंतर भाष्यकारांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांची रीत सोपी होती. आधी गिऱ्हाईक बघायचं, मग कापड. डॉक्टर आला की वेल आरोग्याची, वकील आला की तीच वेल न्यायाची. निवृत्त माणसाला ठिपक्यांत समाधान मिळे, नव्याने घर घेतलेल्याला त्याच ठिपक्यांत पाया दिसे. हळूहळू गल्लीतल्या बायका त्यांना बोलवायला येऊ लागल्या. "भाष्यकार, दुपारी पाहुणे यायचेत. माझ्या त्रिकोणांचं काहीतरी करा." ते इस्त्रीचा सदरा घालून जात आणि त्रिकोणांचं काहीतरी करून येत.

एकदा अडचण झाली. एकाच दिवशी एका घरात त्रिकोण म्हणजे डोंगर झाला आणि समोरच्या घरात तोच त्रिकोण आईची मांडी. पाहुण्यांनी बाहेर येऊन एकमेकांशी ताडून बघितलं आणि विचारायला आले. भाष्यकार क्षणभरच थांबले. "त्या घराला सकाळचं ऊन येतं," ते म्हणाले, "या घराला संध्याकाळचं." पाहुण्यांनी ते लिहून घेतलं.

समोरचा फणीवाला, जो फण्या बनवतो आणि मोडलेल्या दुरुस्त करून देतो, तो हे सगळं आपल्या दारातून ऐकत असे. त्याच्या मालाकडे शहरातलं कोणी ढुंकून बघत नसे. तो म्हणायचा, "भाष्यकार, माझ्या फण्यांचाही काढा की अर्थ. धूळ खात पडल्यात."

"फणी म्हणजे शिस्त."

"ती घरी फुकट मिळते हो. दुसरं सांगा काहीतरी."

खोटं कशाला बोलायचं, गल्लीतल्या भिंती भाष्यकारांच्या बोलण्यावर रंगल्या. जे कापड दुकानदार नाक मुरडून घ्यायचा ते लोक दारात येऊन घ्यायला लागले. काकूंनाही हे कळत होतं. त्यांची तक्रार वेगळी होती आणि ती त्यांनी एकदाच, भांडी आवरताना, बोलून दाखवली. "तुम्ही बोलता तेव्हा माणसं तुमच्या तोंडाकडे बघतात. कापड मांडीवर पडलेलं असतं. एकदा तरी कोणीतरी खाली बघावं."

"मी त्यांना बघायलाच तर सांगत असतो," भाष्यकार म्हणाले.

"सांगत असता, म्हणूनच," काकू म्हणाल्या आणि पातेलं फळीवर ठेवलं.

काकूंच्या हातची खरी करामत म्हणजे बदकांची जोडी. दोन बदकं, शेपटीला शेपटी लावून उभी, चोची दोन दिशांना. पाठ फिरवायचं कारण असं की चोची समोरासमोर आणल्या तर मधल्या अरुंद जागेत रंगीत दोरे अडकून गुंता होतो. शेपट्या मधे घेतल्या की दोरा सरळ पलीकडे नेता येतो. एवढंच. काकूंच्या आईने तसं शिकवलं आणि तिला तिच्या आईने. त्यातल्या कोणीही बदकांच्या मनात काय आहे याची चौकशी केली नव्हती.

एके दिवशी एक पाहुणी आली, तिचे डोळे सुजलेले होते. तिने ही जोडी हातात घेतली आणि म्हणाली, "यांनी एकमेकांकडे पाठ का फिरवली आहे?" भाष्यकारांनी तिच्याकडे बघितलं. बोटावर अंगठी काढल्याचा पांढरा वळ होता. ते हळू आवाजात म्हणाले, "ही विरहाची पाखरं. ज्यांची ताटातूट झाली त्यांच्यासाठी आमच्याकडे विणतात. म्हणजे दुःखाला पांघरूण मिळतं." बाई तिथेच बाकावर बसून रडली. पाणी प्यायली, पुन्हा रडली आणि जेवढ्या होत्या तेवढ्या सगळ्या चादरी घेऊन गेली.

ही बाई शहरात एका कलादालनात काम करत होती हे दुर्दैव. वर्षभरात 'विरहाची पाखरं' सगळीकडे झाली. दुकानात त्यांना वेगळं कपाट मिळालं. कोणाचा घटस्फोट झाला की मैत्रिणी वर्गणी काढून उशीचे अभ्रे द्यायला लागल्या. पदवीच्या वर्गांत त्यावर तास होऊ लागले. काकूंना मागणी यायची, 'विरहाच्या पाच'. त्यांनी विचारलं, "हे विरह विरह काय लावलंय?"

"दुकानातलं नाव आहे," भाष्यकार म्हणाले. "शहरातल्या माणसाला बदक म्हणायला लाज वाटते."

काकूंना ते पटलं. शहरातल्या माणसांना कशाकशाची लाज वाटते याचा त्यांना अंदाज होता.

मग लेकीचं लग्न ठरलं. लेक औषधांच्या दुकानात कामाला होती, नवरा मुलगा तिथेच औषधं पोचवायला यायचा, तेव्हा ठरवायचं असं फारसं काही उरलं नव्हतं. काकूंनी बाहेरच्या मागण्या बंद केल्या आणि लेकीसाठी मोठ्या मागावर पलंगपोस लावला. बारीक सूत, फिकट राखी रंग आणि चारी कडांना बदकं. अशी बदकं त्यांनीही पूर्वी विणली नव्हती. पंखात तीन छटा होत्या आणि डोळ्याच्या जागी एकच पांढरा टाका. गल्लीतल्या बायका काहीतरी निमित्त काढून येत, कापडावर वाकत आणि न बोलता परत जात. विणणारी बाई दुसरीचं काम बघून बोलली नाही, तर ते काम फार चांगलं आहे असं समजावं.

भाष्यकारांनी पहिली ओळ पूर्ण झालेली बघितली आणि हातातली लडी खाली ठेवली. नवराबायकोच्या पलंगावर चारी बाजूंनी ताटातूट. ते घसा साफ करून म्हणाले, "फुलं घातली असती तर?"

"का?"

ज्या माणसाने आजवर एकाही प्रश्नाला उत्तर नाही असं म्हटलं नव्हतं, तो माणूस खिडकीबाहेर बघायला लागला. "नाही, आपलं... फुलंही बरी दिसतात."

"फुलं कोणीही घालतं," काकू म्हणाल्या आणि पुढचा दोरा टाकला.

लेकीने त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "बाबा, आमच्या दुकानातल्या बाईला घटस्फोटात तसली उशी मिळाली. मला सगळं माहीत आहे. आईला तुम्ही सांगणार की मी सांगू?"

"मी सांगतो."

"कधी?"

"कापड उतरू दे आधी. आत्ता सांगितलं तर हात थांबेल तिचा."

"आणि तिकडून सासूबाई बघायला येणार आहेत, त्याचं काय?"

"त्या बँकेतल्या आहेत," भाष्यकार म्हणाले. "त्यांना कुठे बदकातलं कळणार?"

इथे त्यांचा अंदाज चुकला. विहीणबाईंनी बँकेतून लवकर निवृत्ती घेतली होती आणि तेव्हापासून त्या एकामागून एक अभ्यासक्रम करत सुटल्या होत्या. आधी मातीची भांडी झाली. मग पक्षिनिरीक्षण झालं, त्यात पहाटे उठावं लागतं म्हणून ते सुटलं. आणि नुकताच 'वस्त्रास्वाद' नावाचा वर्ग पूर्ण करून त्यांनी प्रमाणपत्र दिवाणखान्यात लावलं होतं. सून विणकरांच्या घरची मिळाली यात त्यांना अभ्यासक्रमाचाच पुढचा भाग दिसत होता.

त्या आल्या तेव्हा पलंगपोसाचा वीतभर भाग विणायचा राहिला होता. विहीण येणार म्हटल्यावर गल्लीतले सगळे आपापल्या दारात काहीतरी करत उभे होते. फणीवाला तर चक्क घरात येऊन मोडकी फणी मांडीवर घेऊन बसला. विहीणबाईंनी चपला बाहेर काढल्या, मागाला नमस्कार केला, सुताचा वास घेतला आणि म्हणाल्या, "केवढी शांतता आहे इथे." माग चालू होता, त्यामुळे ते कोणाला नीट ऐकू आलं नाही.

मग त्या कापडावर वाकल्या आणि तशाच राहिल्या. काकूंच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं. शेवटी कोणीतरी खाली बघत होतं.

"ही विरहाची पाखरं ना?" विहीणबाई म्हणाल्या.

"बदकं," काकू म्हणाल्या.

"म्हणजे तीच. ताटातुटीचं प्रतीक." विहीणबाई सरळ उभ्या राहिल्या. "माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, हे आधीच सांगते. पण प्रतीक मनाच्या आत काम करतं, हे शास्त्र आहे. पोरांच्या पलंगावर हे? ज्यांची लग्नं मोडतात त्यांना देतात हो हे."

काकूंचा माग थांबला. आमच्या गल्लीत माग थांबलेला सगळ्यांना आधी ऐकू येतो. समोरच्या दारात मटार सोलणाऱ्या बाईचेही हात थांबले.

"राग मानू नका," विहीणबाई म्हणाल्या. "काम तर काय, अप्रतिमच. मी आमच्या संग्रहालयातल्या बाईंशी बोलते, त्या हा काचेत लावतील. नाव घालतील तुमचं. पलंगासाठी मी दुकानातून एखादा साधा घेते, गुलाबी वगैरे."

लेक दारात उभी होती. तिने आईकडे बघितलं आणि मग बापाकडे. काकू कोणाकडेच बघत नव्हत्या. त्या कापडावर हात पालथा ठेवून बसल्या होत्या, ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा.

भाष्यकार बाकावरून उठले. आयुष्यात पहिल्यांदाच ते वाक्य जुळवून न घेता बोलायला लागले, म्हणून अडखळले. "बाई, तसं काही नाही. ते विरहाचं वगैरे... ते माझ्या मनचं आहे. एक बाई रडायला आली होती, तिला बघून मी बोलून गेलो. आमच्याकडे असलं काही नव्हतं कधी. बदकं आहेत ती. नुसती बदकं."

फणीवाल्याने मांडीवरची फणी खाली ठेवली. एवढं मोठं वाक्य फुकट वाया जाताना त्याने पाहिलं नव्हतं.

विहीणबाई हसल्या. "तुमची नम्रता समजते मला. सरांनी वर्गात सांगितलंय, परंपरा जपणारी माणसं बाहेरच्यांपासून अर्थ लपवतात."

"लपवतो कुठला? मी तर आजवर फक्त..."

"आणि सरांना हे पुस्तकातून मिळालेलं नाही. त्यांना इथल्याच एका वृद्ध जाणकाराने सांगितलं. प्रत्यक्ष."

"कोणी?"

"हातमागाच्या गल्लीतल्या. दारातल्या बाकावर बसतात म्हणे, इस्त्रीचा सदरा घालून."

"अहो, तो मीच."

"मग तर प्रश्नच मिटला," विहीणबाई म्हणाल्या.

एव्हाना दाराशी जमलेल्या गर्दीतून कोणीतरी खुदकन हसलं. "खरंच सांगतायत ते," फणीवाला म्हणाला. "आम्ही सगळे साक्षीला आहोत. थापा मारतात ते. पहिल्यापासून मारतात." पण विहीणबाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की बिचाऱ्याला आपणही काहीतरी पुरातन लपवतो आहोत असं वाटायला लागलं.

तेवढ्यात काकू बोलल्या. "विरह म्हणजे ताटातूटच ना?"

"हो," विहीणबाई म्हणाल्या.

"आणि इतकी वर्षं मी पाच-पाचच्या मागणीने तीच विणली."

भाष्यकार आपल्या सदऱ्याच्या इस्त्रीकडे बघत होते. काकूंनी त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं, सूत घेताना बघत तसं, उजेडाकडे धरून. मग विहीणबाईंकडे वळून, आवाज न बदलता म्हणाल्या, "याला उतारा आहे."

"उतारा?"

"मुलीच्या लग्नासाठी ही पाखरं विणली, तर शेवटची वीतभर मुलीच्या बापाने विणायची. स्वतःच्या हाताने, मुलाच्या आईसमोर. मग ताटातूट उलटते. जोडी तुटत नाही."

विहीणबाईंनी चष्मा सारखा केला. "वर्गात हे नव्हतं."

"कसं असेल? अर्थ पुरुष सांगतात. उतारा बायकांकडे असतो." काकूंनी फणीवाल्याकडे बघितलं. "काय हो, असतो की नाही?"

फणीवाला तयारीतच होता. "आमच्या आजोबांनी आत्याच्या लग्नात विणली होती," तो म्हणाला. "मला आठवतं ना. म्हातारा घळाघळा रडत होता आणि विणत होता."

"मौखिक परंपरा," विहीणबाई हळूच स्वतःशी म्हणाल्या आणि पर्समधून मोबाइल काढला. कोणीतरी त्यांना खुर्ची दिली.

भाष्यकार मागाजवळ जाऊन वाकले. "अगं, काय बोलतेस हे? माझा हात तुला माहीत आहे. पट्टा पडेल. इतक्या कापडाची माती होईल."

"तसंही जातंच आहे ना काचेत."

"दुसरं काहीतरी सांग. हळद लाव म्हण, पाणी शिंपड म्हण."

"तुमच्यासारखं मला पटकन सुचत नाही," काकू म्हणाल्या आणि बाजूला सरकून जागा करून दिली.

दुसरा कुठलाही उतारा त्यांना सुचू शकला असता. पाणी शिंपडणं तर कोणालाही सुचतं. स्वतःच्या हातून निघालेल्या सगळ्यात चांगल्या कापडाच्या शेवटी नवऱ्याचा ठोका बसवायचा, हे विणणाऱ्या बाईने मनात आणणं आमच्या गल्लीत कोणी ऐकलं नव्हतं. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. सूड म्हणावा, तर त्यात जास्त नुकसान काकूंचंच होतं.

भाष्यकार मागावर बसले. पाय चुकीच्या पावडीवर पडला. दोरी ओढली तर धोटा सुसाट निघाला आणि पलीकडून बाहेर पडून विहीणबाईंच्या खुर्चीखाली गेला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून परत दिला, जणू काही देवाने दिलेला. दुसऱ्या वेळी धोटा मधेच अडकला. तिसऱ्या वेळी पोचला, पण ठोका एवढ्या जोरात बसला की भिंतीवरचा आरसा हलला.

"हलका," काकू म्हणाल्या.

पुढचा इतका हलका की दोरा तसाच लोंबत राहिला.

"एवढाही नाही. मघाच्या आणि आत्ताच्या मधे."

"मधेच तर कधी जमलं नाही मला," भाष्यकार म्हणाले, आणि हे त्यांचं दिवसातलं दुसरं खरं वाक्य होतं.

सदरा पाठीला चिकटला. दारातल्या गर्दीतून सल्ले यायला लागले. "पाय आधी, हात नंतर." "अर्थ सांगत सांगत विणा, म्हणजे जमेल." कडेची बदकं आली तेव्हा काकूंनी रंगीत दोऱ्यांच्या कांड्या हातात घेतल्या. त्यांनी उभे दोरे बोटांनी वर उचलून धरायचे आणि भाष्यकारांनी खाली ठोका द्यायचा असं चाललं. इतक्या वर्षांच्या संसारात ती दोघं एका कापडावर पहिल्यांदाच बसली होती. बोलणं फार नव्हतं. "थांबा." "हं." "आता." "गेला का?" "गेला. द्या ठोका." मधे एकदा दोरा तुटला आणि दोघांचे हात एकदमच गाठ मारायला गेले.

बदकं तयार झाली. त्यातलं एक चपटं, कोणीतरी वर बसल्यासारखं. दुसरं लांबलचक, मानेला पीळ दिलेलं. आणि वीतभर रुंदीचा तो पट्टा मूळ कापडापासून इतका वेगळा दिसत होता की डोळे बांधलेल्या माणसालाही बोटाने कळला असता.

विहीणबाई उठून आल्या. त्यांनी काकूंच्या सगळ्या कापडावरून नजर पुढे सरकवली आणि ती या पट्ट्यावर येऊन थांबली. डोळ्यांत पाणी होतं. "बघा," त्या म्हणाल्या, "बापाच्या हाताचा कंप बघा. हे यंत्राने येणार आहे का?" त्यांनी पट्ट्याचे फोटो काढले. जवळून काढले, लांबून काढले, चपट्या बदकाचा वेगळा काढला. "पलंगपोस आमच्याकडेच येणार. संग्रहालयाला मी दुसरं काहीतरी देईन."

काकूंनी मान हलवली. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं.

विहीणबाई गेल्या. जाताना फणीवाल्याच्या आजोबांची सविस्तर हकीकत घेऊन गेल्या, आणि फणीवाला त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेला, कारण आजोबा अजून संपले नव्हते. गर्दी पांगली. लेक आईच्या गळ्यात पडणार होती, पण काकू कात्री शोधत होत्या, म्हणून ती चहा ठेवायला आत गेली.

भाष्यकार मागासमोर उभे राहिले. "उसवून टाक तो भाग. त्यांनी फोटो काढलेत, त्यांना पुरे. तू परत विणून घे. लग्नाला अजून वेळ आहे."

काकू कापडाकडे बघत होत्या. उसवायला काही फार लागलं नसतं. त्यांनी बोट पट्ट्यावरून फिरवलं, घट्ट जागी आणि विरळ जागी. "इथे धोटा पडला," त्या म्हणाल्या. "इथे तो मेला फणीवाला हसला. इथे दोरा तुटला."

"माझ्या बाबांसारखी बोलायला लागलीस."

"बरोबर वाचायचे ते," काकू म्हणाल्या आणि उभ्या दोऱ्यांना कात्री लावली. दोरे एकामागून एक सुटले आणि पलंगपोस मागावरून खाली घसरला. "राहू दे. हा भाग पायथ्याला जातो, गादीखाली."

"आणि कोणी गादी उचलून बघितलं तर? विचारतील, शेवट असा का?"

"मग सांगा, बापाला विणता येत नव्हतं."

भाष्यकारांनी यावर खरोखर विचार केला. "नाही," ते म्हणाले. "कोणी विश्वास ठेवणार नाही."

पलंगपोसाची घडी एकट्या माणसाला होत नाही, कापड जमिनीला लागतं. काकूंनी दोन कोपरे भाष्यकारांच्या हातात दिले आणि स्वतःचे दोन घेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. कापड मधे ताणलं गेलं, सगळी बदकं एकदम दिसायला लागली. भाष्यकारांनी ते बघितलं, श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"बोलू नका," काकू पलीकडून म्हणाल्या. "नुसतं धरा."